फोन नाही म्हणजे पाणी जागेवर

ब्राउनश्वाइगच्या आमच्या मराठी मंडळात गणपतीला जमणारे बहुतेक सगळे गाड्यांच्या धंद्यातले. कुणी ब्रेक बनवतो, कुणी गाडीला डोळे देणारं सॉफ्टवेअर लिहिते. नवीन मुलगा आला की ओळखपाळख होताना माझ्याकडे वळून विचारतो, "काका, तुम्ही कुठल्या डिपार्टमेंटला होतात?" मी सांगतो, "मी पाणी मोजायचो." त्याला वाटतं म्हातारा गंमत करतोय. "कुठलं पाणी?" "सायबेरियातलं." यावर तो मोदक आणायला म्हणून जातो, तो परत येत नाही.

त्याचा दोष नाही. माझ्या बायकोलाही, सुनंदाला, मी नक्की काय करतो हे समजायला दहा वर्षं लागली. आणि समजलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे बाबांचंच काम की!" माझे वडील कराडला पाटबंधारे खात्यात होते. पुलाच्या खांबावर रंगवलेली पट्टी वाचायची आणि कृष्णेचं पाणी किती ते रजिस्टरात लिहायचं, ही त्यांची नोकरी. मी समुद्र ओलांडून, जर्मन शिकून, इतकी वर्षं खपून तिथेच पोचलो होतो.

मी शास्त्रज्ञ नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण दिवाळी अंकात नावापुढे काय वाटेल ते छापून येतं. मी उपकरणांचा तंत्रज्ञ. एका संशोधन संस्थेच्या तळघरात माझं वर्कशॉप होतं. तिथे मी पाइपांना भोकं पाडायचो, सेन्सर तपासायचो, अस्वलाने चावलेल्या केबली बदलायचो. वर तिसऱ्या मजल्यावर आमच्या प्रोफेसरबाई बसायच्या. उत्तरेकडच्या थंड जंगलांत वणवा आणि पाणी यांचा काय संबंध असतो हे शोधण्यासाठी त्यांनी फिनलंडमधल्या आणि रशियातल्या संस्थांशी करार केले होते. अशा करारांवर सह्या होतात तेव्हा मागे झेंडे असतात, पुढे बिस्किटं असतात, फोटो निघतात. झेंडे गुंडाळून ठेवल्यावर भागीदारी म्हणजे या टोकाला मी आणि त्या टोकाला गालिना पेत्रोव्हना, एवढीच उरायची.

आता धंदा थोडा समजावून सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्या भागात मैलोन्‌मैल दलदल आहे. तिथे शेवाळ उगवतं, मरतं, पण थंडीमुळे आणि पाण्यामुळे धड कुजत नाही. हजारो वर्षं ते थरावर थर साठत जातं. त्या काळ्या मातीला पीट म्हणतात. वाळवली तर ती सरपणासारखी जळते. पाण्याखाली आहे तोवर तिच्यावर पेटती मशाल टाका, काही होत नाही. पाणी हातभर खाली गेलं की मात्र वरचा थर सुकतो, आणि मग कुणीतरी गवत जाळलेलं पुरतं. आग जमिनीत उतरते. आपल्याकडे चुलीत राखेखाली विस्तव झाकून ठेवायचे आणि सकाळी फुंकर मारायचे, तसं. वर बर्फ पडतं, आग खाली धुमसत राहते आणि वसंतात पुन्हा वर येते. म्हणून वणव्याचा अभ्यास करणाऱ्यांनी आधी पाणी बघायचं. झाडं नंतर.

गालिना पेत्रोव्हना अशाच एका दलदलीच्या काठावरच्या केंद्राची राखणदार, राहायलाही तिथेच. केंद्र म्हणजे लाकडी ओंडक्यांची दोन खोल्यांची झोपडी, एक शेगडी आणि दलदलीत जाणारी फळ्यांची पायवाट. बाई माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी. शाळेत तिला जर्मन होतं, आणि ती ते धड्यातल्यासारखंच बोलायची, मला 'हेर', म्हणजे जर्मन श्रीयुत, लावून. "नमस्कार, हेर सबनीस. आज हवा छान आहे. पाणी एकोणीस सेंटीमीटर आहे. तुमची पत्नी कशी आहे?" मी उत्तर दिलं की पुढचं वाक्य. सुरुवातीला मला हसू यायचं. पुढे पुढे आठवडाभर संस्थेतली कुजबूज ऐकल्यावर ती चार सरळ वाक्यं ऐकायला बरं वाटायचं.

तिच्याकडे पाणी मोजायची एक शिट्टी होती. बोटाएवढी धातूची नळी, मोजपट्टीच्या टोकाला बांधलेली. जमिनीत पुरलेल्या पाइपात ती सोडायची. पाण्याला टेकली की आतली हवा दाबली जाते आणि बारीकशी शीळ वाजते. तिथे पट्टीवरचा आकडा वाचायचा, म्हणजे जमिनीपासून पाणी किती खाली आहे ते; आकडा वाढला की पाणी उतरलं. साधीसुधी वस्तू, बॅटरी नाही, काही नाही. मी पहिल्यांदा फोनवर विचारलं, "गालिना पेत्रोव्हना, आकडा नक्की ना?" तर बाईने फोनच पाइपाच्या तोंडाशी धरला. ब्राउनश्वाइगच्या तळघरात मला सायबेरियाच्या पाण्याची शीळ ऐकू आली. तेव्हापासून तो रिवाजच पडला. आधी शिट्टी, मग आकडा, मग माझी पत्नी कशी आहे.

रोजचा आकडा ती चौकटीच्या शाळकरी वहीत लिहायची. शेजारी एक ओळ. क्रौंच पक्षी आले. पाहुणा आला, जेवून गेला. मांजर हरवलं. मांजर सापडलं. तिच्या लग्नाआधीपासूनच्या वह्या होत्या, शेगडीच्या वरच्या फळीवर रचून ठेवलेल्या, कोरड्या राहाव्यात म्हणून. जगात फार थोड्या दलदलींचा इतका सलग हिशेब कुणी ठेवला असेल. प्रोफेसरबाई तिथे जाऊन आल्या तेव्हा त्या वह्या हातात घेऊन एकेक पान उलटत बसल्या होत्या, असं केतकी सांगायची.

केतकी म्हणजे नाशिकची मुलगी. पीएचडीला आली होती आणि तिचा सगळा प्रबंध त्याच दलदलीवर होता. मला काका म्हणायची आणि माझ्या वर्कशॉपमधला चहा संस्थेतला सर्वांत वाईट आहे असं सांगून रोज प्यायची. एका उन्हाळ्यात ती आणि मी तिथल्या पाण्याच्या चाळीस बाटल्या घेऊन परत आलो. दलदलीचं पाणी कोऱ्या चहासारखं तपकिरी दिसतं. विमानतळावर कस्टमच्या साहेबाने पेटी उघडली आणि त्याचा चेहरा बदलला. "हे काय आहे?" "पाणी." "हे पाणी नाही." आमचे कागद त्याने तीनदा वाचले. शेवटी तो म्हणाला, "पाणी असेल तर पिऊन दाखवा." गालिनाबाई आयुष्यभर तेच पाणी प्यायल्या होत्या, तेव्हा मी एक बाटली उघडली आणि घोट घेतला. साहेब खूश. केतकी मात्र किंचाळली, "काका, अर्ध्या बाटल्यांत अॅसिड आहे!" नमुने टिकावेत म्हणून तिनेच घातलेलं; माझ्या नशिबाने माझी बाटली उरलेल्या अर्ध्यातली निघाली. प्रोफेसरबाईंनी नोंदवहीत त्या नमुन्यापुढे लिहिलं, 'अंशतः प्यायला गेला.' निरोप समारंभाला तेच वाक्य छापलेला कप मला भेट मिळाला.

या अशा गोष्टी सांगून मी पाच पानं सहज भरू शकतो. संपादकांनीही 'हलकंफुलकं' म्हणून सांगितलंय. पण जे सांगायचं म्हणून बसलोय ते तसं नाही.

भागीदारी झाल्यावर आम्ही त्या पाइपांत सेन्सर बसवले. तिथल्या मोबाईलच्या एकुलत्या एक टॉवरवरून रोज सकाळी आकडे थेट माझ्या संगणकावर यायला लागले. मोठ्या अभिमानाने मी गालिनाबाईंना सांगितलं, "आता तुम्हाला रोज दलदलीत जायची गरज नाही. यंत्र बघेल." त्यांना ते पटत नव्हतं. मी पटवलं. त्यांचे गुडघे दुखायचे, आणि फळ्यांची वाट निसरडी होती. मला खरंच वाटलं की मी त्यांचं भलं करतोय.

मग आम्ही एक ठरवलं. त्या दलदलीतून जुन्या काळी पीट खणून काढायला चर मारलेले होते. पाणी त्यातून वाहून जायचं. चराच्या तोंडाशी लाकडी फळ्या घालायची सोय होती, आपल्याकडे कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याला बरगे घालतात अगदी तशी. मी गालिनाबाईंना हा शब्दही शिकवला होता, त्या 'बार्गे' म्हणायच्या. बरगे कायमचे घालून ठेवले तर बर्फ वितळल्यावर गावाची वाट आणि गवताची कुरणं बुडतात, गावकरी भांडायला येतात. म्हणून ते वेळेवरच घालावे लागतात. तर ठरलं असं की मी रोज सकाळी आकडा बघायचा. पाणी चाळीस सेंटीमीटरच्या खाली गेलं की लगेच फोन करायचा. मग त्या शिट्टी घेऊन जाणार आणि खात्री करणार. खात्री लागतेच, कारण थंडीत जमीन फुगते आणि पाइपच वर उचलला जातो. मग पाणी आहे तिथेच असतं, आकड्यावरून मात्र ते खाली गेल्यासारखं दिसतं. पाइप उचलला नसेल, पाणीच गेलं असेल, तर बरगे घालायचे आणि गावात सांगायचं की गवत जाळू नका.

आणि माझा फोन नाही आला तर? गालिनाबाईंनी धड्यातलं वाक्य म्हणावं तसं म्हणून टाकलं, "कायन आनरुफ, वासर गुट." फोन नाही म्हणजे पाणी जागेवर.

पाच उन्हाळे हे चाललं. त्यात मी तीनदा फोन केला. एकदा पाइप होता, दोनदा पाणी. दुसऱ्या वेळी तर शेजारचं जंगल पेटलं, आग चरापर्यंत आली आणि ओल्या जमिनीवर येऊन विझली. फिनलंडच्या सहकाऱ्यांनी उपग्रहाचं चित्र पाठवलं. काळा डाग सरळ रेषेत थांबला होता. एवढा आनंद मला आयुष्यात फार थोड्या वेळा झाला. मी सुनंदाला फोन करून सांगितलं, "अगं, जंगल वाचलं!" ती म्हणाली, "बरं झालं. येताना दूध आणा."

मग त्या फेब्रुवारीत रशियाने युद्ध सुरू केलं. आठवड्याभरात आदेश आला. आमच्या एकट्या संस्थेला नव्हे, जर्मनीतल्या सगळ्यांनाच. तिकडच्या संस्थांबरोबरचं काम थांबवा. प्रोफेसरबाईंनी आम्हाला बोलावून तो कागद वाचून दाखवला. संस्थेच्या नावाने किंवा संस्थेच्या साधनांनी कुठलाही संपर्क करू नये, माहितीची देवाणघेवाण करू नये, आलेली माहिती वापरू नये. मी त्या आदेशाविरुद्ध नव्हतो, आजही नाही. लोकांच्या घरांवर बॉम्ब पडत होते. अशा वेळी दलदलीतल्या पाण्याचं काय घेऊन बसलात, असं कुणी म्हटलं असतं तर मी मान खाली घातली असती.

पण त्या खोलीत बसलेल्या कुणाच्याच मनात आलं नाही की गालिना पेत्रोव्हनांना कोण सांगणार? पत्र गेलं ते त्यांच्या संस्थेच्या शहरातल्या कार्यालयात. बाई कुठल्याच यादीत नव्हत्या. करारावर त्यांची सही नव्हती, तशी माझीही नव्हती. आणि आमचं दोघांचं जे ठरलं होतं ते तर कुठल्याच कागदावर नव्हतं. त्यामुळे ते रद्द करायचंही कुणाला सुचलं नाही.

सेन्सर बंद करायचंही कुणाला सुचलं नाही. आकडे येतच राहिले. वापरायचे नव्हते, पण सकाळी कॉफी घेऊन बसलं की बोटं आपोआप तिथे जायची. मार्च, एप्रिल सगळं बर्फाखाली. मेमध्ये बर्फ वितळलं, पाणी वर आलं आणि मग उतरायला लागलं. तिकडे पाऊस नव्हता. बावीस. अठ्ठावीस. चौतीस. एका शुक्रवारी सकाळी एकेचाळीस.

मी फोन उचलला आणि ठेवला.

त्या दिवशी मी स्वतःला काय काय सांगितलं ते आठवतं. पाइप वर आला असेल. सेन्सर बिघडला असेल. बाई शहाण्या आहेत, स्वतः जाऊन बघतील. मुळात मी आकडा बघणंच नियमाबाहेरचं, मग फोन करणार तो कुठल्या तोंडाने? खरं कारण एवढंच होतं की मला भीती वाटत होती. निवृत्तीला वर्ष-सव्वा वर्ष उरलं होतं. जर्मन पासपोर्ट असला तरी नाव सबनीस, कातडी ही अशी, आणि त्या दिवसांत रशियाला फोन करणारा माणूस म्हणून कुणी बोट दाखवलं तर? पस्तीस वर्षं मी या देशात कुणाला बोट दाखवायला जागा ठेवली नव्हती. कचरासुद्धा चार डब्यांत नीट वेगळा केला होता.

तेव्हा मी जे करायला शिकलो होतो ते केलं. सोमवारी प्रशासनाकडे रीतसर आन्त्राग केला, म्हणजे लेखी अर्ज. 'पूर्वीच्या प्रकल्पातील एका व्यक्तीस सुरक्षिततेच्या कारणास्तव एकवेळ दूरध्वनी करण्यास परवानगी मिळावी.' तीनदा खोडून लिहिला. आकडे मला दिसतायत हे कळू नये, अशा बेताने लिहिला.

त्या दिवशी केतकी चहाला आली. तिनेही चोरून आकडे बघितले होते.

"काका, पंचेचाळीस झालं. तुम्ही फोन केलात ना?"

"अर्ज दिलाय."

"अर्ज? काका, पाणी अर्जासाठी थांबणारे का? माझ्याकडे नंबर आहे, मी करते फोन माझ्या मोबाईलवरून."

"अजिबात नाही. तुझा व्हिसा आहे, तुझं कॉन्ट्रॅक्ट आहे. तू यात पडू नकोस. उत्तर येईल दोन दिवसांत."

मग वडीलधाऱ्या माणसाचं ऐकावं म्हणून तिने ऐकलं. स्वतः गप्प बसलो ते बसलो, वर तिलाही गप्प बसवलं.

दोन दिवसांत उत्तर आलं नाही. गुरुवारी ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाची सुट्टी. शुक्रवारी ब्रुकेनटाग, म्हणजे सुट्टी आणि शनिवार-रविवार यांच्यात सापडलेला दिवस. त्या दिवशी जर्मनीत फक्त बेकरीवाले कामावर असतात. पुढच्या आठवड्यात विचारलं तर संबंधित बाई रजेवर. घरी सुनंदा माझा चेहरा बघत होती. एकदा जेवताना तिने माझ्या तोंडून सगळं काढून घेतलं आणि पोळी खाली ठेवून म्हणाली, "अहो, पूर आला की बाबा आधी काय करायचे?"

मला माहीत होतं. तिलाही माहीत होतं, कारण मीच तिला शंभरदा सांगितलेलं. बाबा आधी सायकल काढून नदीकाठच्या वस्तीला सांगून यायचे आणि मग ओल्या कपड्यांनी रजिस्टर भरायचे. साहेबाची बोलणी खायचे.

"तो काळ वेगळा होता," मी म्हणालो.

"पाणी तेच होतं," ती म्हणाली, आणि ताट उचलून आत गेली.

त्या आठवड्याच्या शनिवारी, पेंटेकॉस्टच्या सणाच्या आदल्या दिवशी, केतकी लॅपटॉप घेऊन आमच्या घरी आली. चपला न काढताच टेबलाशी बसली. उपग्रहाच्या नकाशावर गुरुवारपासून लागलेल्या आगीचे लाल ठिपके होते. चराच्या या बाजूला, त्या बाजूला, आणि झोपडी होती तिथे. मी तिथल्या तिथे माझ्या मोबाईलवरून फोन लावला. परवानगी-बिरवानगी काही आठवलं नाही. लागला नाही. रविवारी लागला नाही. सोमवारी दुपारी लागला. सुनंदाने केलेले पोहे समोर गार झाले होते आणि केतकी माझ्या शेजारी बसली होती.

गालिनाबाई शेजारच्या गावात बहिणीकडे होत्या. जीव वाचला होता. आवाज धुराने खरखरीत झाला होता. केंद्र गेलं. वह्या गेल्या. शेगडीच्या वर कोरड्या ठेवल्या होत्या, त्यामुळे लगेच पेटल्या, असं त्या म्हणाल्या. गावातली सहा घरं गेली. दलदल अजून जळत होती, आतून.

मग त्या म्हणाल्या, "मी बरगे घातले नव्हते, हेर सबनीस. तुमचा फोन आला नाही. कायन आनरुफ, वासर गुट."

आता बोलायचं होतं. एकच वाक्य होतं, 'मला पाणी दिसत होतं.' माझ्या तोंडून निघालं, "यंत्र बंद पडलं होतं."

मग बाईंनी माझी समजूत घातली. "यंत्राचा काय भरवसा. तुमची चूक नाही. चूक माझी. मी रोज जायला हवं होतं. माझे गुडघे दुखत होते म्हणून मी आळस केला." आणि मग, धड्यातल्या क्रमाप्रमाणे, "तुमची पत्नी कशी आहे?"

केतकीला जर्मन उत्तम येतं. तिने सगळं ऐकलं होतं. तिने लॅपटॉप मिटला, "येते काकू," म्हणाली आणि गेली. माझ्याकडे बघितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, माझ्या अर्जाचं उत्तर आलं. वरातीमागून घोडं म्हणतात ते असं. तीन ओळींचं पत्र होतं. खासगी व्यक्तीने खासगी व्यक्तीशी खासगी साधनांनी केलेला संपर्क प्रस्तुत आदेशाच्या कक्षेत येत नाही. त्यामुळे आपल्या अर्जावर निर्णयाची आवश्यकता नाही. सस्नेह नमस्कार. ते पत्र अजून माझ्याकडे आहे. त्यात एक अक्षरही चुकीचं नाही. मी परवानगी मागितली नसती तर मला कुणी अडवणारच नव्हतं. आदेश मी डोळे उघडे ठेवून वाचला असता तर ते मलाही कळलं असतं, पण मला त्यात माझ्या भीतीपुरतंच वाचायचं होतं.

त्या शरदात केतकी फिनलंडला गेली, नवी दलदल, नवा प्रबंध, वाया गेलेली तीन वर्षं. निघायच्या दिवशी वर्कशॉपमध्ये आली. चहा प्यायली नाही. दारातच म्हणाली, "काका, त्यांना सांगा हं. त्या स्वतःला दोष देतायत." मी "हो, हो" म्हणालो. जर्मन भाषेतलं 'या, या' आणि मराठीतलं 'हो, हो' दोन्ही सारखंच पोकळ असतं.

पुढच्या वसंतात गालिनाबाईंनी पुन्हा मोजायला सुरुवात केली. कुणी सांगितलं नव्हतं. एक पाइप जळायचा राहिला होता. शिट्टी त्यांच्या खिशातच होती म्हणून वाचली होती. नवी वही घेतली आणि पहिल्या पानापासून लिहायला लागल्या. रोज जायच्या. "यंत्रावर विसंबून एकदा चूक केली," त्या म्हणाल्या, "आता रोज स्वतः." दर रविवारी माझ्या मोबाईलवर एक ध्वनिसंदेश यायचा. आधी वारा, मग शिट्टी, मग आकडा. मग हवा कशी आहे ते. मी निवृत्त झालो, कप मिळाला, फुलं मिळाली, भाषणं झाली. रविवारची शिट्टी येतच राहिली. सुनंदा स्वयंपाकघरातून विचारायची, "किती आहे पाणी?" मी आकडा सांगायचो. याच्यापलीकडे आम्ही त्याबद्दल काही बोलायचो नाही.

जळलेल्या पीटची जमीन वरून सपाट दिसते आणि खाली पोकळ असते. राखेचे खड्डे. पाऊल पडलं की माणूस आत. हे मला माहीत होतं, बाईंनाही माहीत होतं. सत्तरी उलटलेली बाई काठी टेकत रोज त्या जमिनीवरून चालत होती, कारण मी तिला सांगितलं होतं की यंत्र बंद पडलं. रोज शंभरदा मनात आलं, सांगून टाकावं. आणि रविवारी शिट्टी वाजली की वाटायचं, आज नको. आज त्यांचा आवाज बरा आहे.

यंदा जूनमधल्या एका रविवारी संदेश उशिरा आला. शिट्टी नेहमीसारखीच, आकडाही. मग त्या म्हणाल्या, "मंगळवारी मी खड्ड्यात पडले. मनगट मोडलं. पण पाणी मोजलं, काळजी नसावी." त्यांच्या बोलण्यात फुशारकी नव्हती. हजेरी द्यावी तसं बोलल्या.

मी सुनंदाला हाक मारून शेजारी बसवलं आणि फोन लावला.

"गालिना पेत्रोव्हना, रोज जाऊ नका. तुमची चूक नव्हती. यंत्र बंद नव्हतं. त्या वर्षी मला पाणी दिसत होतं. मी फोन केला नाही."

मागे वारा ऐकू येत होता. त्या बाहेरच उभ्या असाव्यात. मग त्यांनी विचारलं, "किती होतं?"

"एकेचाळीस. मग पंचेचाळीस. मग बावन्न."

"किती दिवस?"

"तेरा."

"तेरा दिवस," त्या म्हणाल्या. सावकाश, आकडा नीट ऐकू आलाय ना हे बघावं तशा. "बरगे घालायला मला अर्धा दिवस लागतो."

भीती वाटली, असं म्हणता आलं असतं. जिचं घरदार जळालं त्या बाईला ते कुठल्या तोंडाने सांगू? सुनंदाने माझ्या पाठीवर हात ठेवला होता, तो तसाच होता.

"आउफ विडरझेन, हेर सबनीस," गालिनाबाई म्हणाल्या. निरोपाचं धड्यातलं वाक्य, पुन्हा भेटू म्हणून. माझी पत्नी कशी आहे हे त्यांनी विचारलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी शिट्टी आली नाही. पुढच्याही नाही. मी दोनदा फोन केला, वाजून वाजून बंद झाला. त्या रोज जायच्या थांबल्या असतील तर मी सांगितलं ते चांगलंच झालं, असं सुनंदा म्हणते. तिचं बरोबर असेल. तिकडे यंदा पाऊस किती झाला ते मला माहीत नाही, आणि माझ्या संगणकावर आता काही येत नाही. रविवारी मी मोबाईल टेबलावर उताणा ठेवतो आणि सुनंदा आतून काही विचारत नाही.

जूनपासून फोन नाही. आमच्यात जे ठरलं होतं त्याप्रमाणे, पाणी जागेवर आहे.